चाळीस सजदे आणि एक गुडघा

रमजानचा पाचवा रोजा. इशाची अजान झाली, गल्लीतली पोरं टोप्या सावरत मशिदीकडे पळाली आणि अब्बा ओट्यावरच बसून राहिले. पायात चपला होत्या, खांद्यावर रुमाल होता, पण उठेनात. मी थांबलो तर म्हणाले, “तू जा. मैं यहींच पढ लेता.” मी काही बोललो नाही. कारण मला माहीत होतं. अब्बांना मशिदीत जायचं नव्हतं असं नाही, त्यांना लोकांसमोर उठता न येण्याची लाज वाटत होती.

ज्यांच्या घरी रमजान नसतो त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इशा ही रात्रीची नमाज. रमजानमध्ये तिच्यानंतर जी जास्तीची नमाज पढतात ती तरावीह. आमच्या मशिदीत ती वीस रकातींची असते. एका रकातीत एकदा कमरेतून वाकायचं, म्हणजे रुकू. आणि दोनदा कपाळ जमिनीला टेकवायचं, म्हणजे सजदा. वीस रकातींचे चाळीस सजदे. मधल्या बैठकी वज्रासनासारख्या, गुडघे पूर्ण मुडपून. जमिनीवरून उठून ताठ उभं राहणं वीसेक वेळा. तरुण माणसाला हा व्यायाम आहे. सहासष्ट वर्षांच्या, पंचेचाळीस वर्षं पैठणीच्या मागावर बसलेल्या माणसाच्या गुडघ्याला तो डोंगर आहे.

येवल्यात माग कसा असतो हे येवलेकरांना सांगायला नको. बाहेरगावचे लोक दुकानातली पैठणी पाहतात, पदरावरचा मोर पाहतात. मागाखालचा खड्डा फार कोणी पाहत नाही. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडतो, पायाने फळ्या दाबतो आणि मान खाली घालून एकेक धागा मोजतो. गुडघा दिवसभर अर्धा वाकलेला. नागड्यात, बल्हेगावात, गावातल्या गल्ल्यांत, कुठल्याही जातीधर्माच्या विणकराच्या घरी जा. चाळिशी ओलांडलेला माणूस मागावरून उठला की पहिली दोन-चार पावलं कशी टाकतो ते बघा. हात कमरेवर, एक पाय जरा वाकडा. मग हळूहळू चाल सुटते.

अब्बांचं तेच होतं, फक्त जास्त. सहेरीला पहाटे चारला उठायचे तेव्हा भिंत धरून उठायचे. पहिली दहा पावलं लाकडाची. वजू करून, चहा घेऊन, इकडेतिकडे फिरून वीस मिनिटं झाली की गुडघा मोकळा. फजरची नमाज झाली की पडायचे, आणि उठले की पुन्हा लाकूड. घरात सगळ्यांची समजूत एकच होती : हाडं झिजली, वंगण संपलं, आता काय होणार. माझीही तीच होती. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना बसवून ठेवलं. पाणी हातात, चहा हातात, रिमोटसुद्धा हातात. अम्मीने एक जुनी गोधडी घडी करून रात्री त्यांच्या गुडघ्याखाली ठेवायला सुरुवात केली. गुडघा जरा वाकलेला राहिला की त्यांना बरं वाटायचं. तीन वर्षं ती गोधडी तिथेच होती.

रमजानच्या आधी नाशिकला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे त्यांना नेलं. त्यांनी एक्स-रे पाहिला, पण फार वेळ नाही. अब्बांना पलंगावर आडवं केलं आणि म्हणाल्या, “चाचा, गुडघा पलंगाला टेकवा.” टेकेना. गुडघ्याच्या मागे चार बोटं सहज जातील एवढी फट. मग त्यांनी मांडीच्या मागच्या बाजूला हात घातला आणि माझा हातही तिथे ठेवला. दोरखंडासारख्या दोन शिरा ताठ उभ्या. “आणि आता इथे,” असं म्हणून त्यांनी मांडीच्या पुढच्या भागावर माझा हात ठेवला. तिथे काहीच नाही. मऊ, सैल, दुसऱ्या पायापेक्षा उघड बारीक.

“झीज आहेच,” त्या म्हणाल्या, “पण तुम्हाला जो ताठरपणा जाणवतो तो सगळा हाडातला नाही. बराचसा या मांसातला आहे.”

मला हे नवीन होतं. त्यांनी जे समजावलं आणि नंतर मी जे वाचलं, ते एकत्र करून लिहितो.

दाढ दुखायला लागली की जबडा उघडत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे. जबड्याच्या सांध्याला काही झालेलं नसतं. दुखऱ्या जागेची राखण म्हणून भोवतीचे स्नायू आवळून बसतात. बरगडीला मार लागला की श्वास अर्धाच घेता येतो, तेही असंच. शरीराची ही जुनी सवय आहे : जे दुखतं ते हलू द्यायचं नाही. दोन-चार दिवसांच्या दुखण्यात ती उपयोगी पडते. गुडघ्याच्या झिजेचं दुखणं मात्र वर्षानुवर्षं चालतं, आणि राखणदारही तितकी वर्षं ड्यूटी सोडत नाही.

मग काय होतं? आवळलेला स्नायू सांध्याची दोन टोकं एकमेकांवर आणखी दाबतो. आधीच खरखरीत झालेल्या पृष्ठभागांवर भार वाढतो, दुखणं वाढतं, आणि दुखणं वाढलं म्हणून स्नायू आणखी आवळतो. शिवाय सतत आखडलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो आणि स्वतःही ठणकू लागतो. म्हणजे आता दुखण्याच्या जागा दोन. माणूस मात्र दोन्हींना एकच नाव देतो, “गुडघा धरला.” आपल्या भाषेला हे आधीच कळलेलं होतं असं मला वाटतं. गुडघा झिजला असं आपण डॉक्टरकडे जाऊन आल्यावर म्हणतो. त्याआधी तो “धरलेला” असतो, “आखडलेला” असतो.

दुसरी गोष्ट जास्त चमत्कारिक आहे. सांध्याला सूज आली, आत पाणी भरलं, की मांडीचा पुढचा स्नायू, जो गुडघा सरळ करतो आणि आपल्याला उभं करतो, तो आपोआप मंदावतो. माणसाच्या इच्छेचा इथे संबंध नाही. सांध्यातून मज्जारज्जूकडे निरोप जातो आणि तिथून त्या स्नायूचा आवाज कमी केला जातो. निरोगी माणसांच्या गुडघ्यात मुद्दाम मिठाचं पाणी भरून हे तपासलेलं आहे. वीस-तीस मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार-सहा चमचे पाणी आत गेलं, की मांडीच्या आतल्या बाजूचा भाग ढिला पडू लागतो. दुखत नसतानासुद्धा. अब्बांची मांडी म्हणूनच वाळली होती. आम्ही समजत होतो वय झालं.

आणि तिसरी गोष्ट, गोधडी. सुजलेल्या गुडघ्याला सगळ्यात आराम वाटतो तो साधारण तीस अंशांत वाकलेला असताना. त्या अवस्थेत सांध्याची पिशवी सगळ्यात सैल असते आणि आतला दाब कमी असतो. म्हणून दुखणारा माणूस आपसूक गुडघा किंचित वाकवून झोपतो, किंचित वाकवून चालतो. पण स्नायू ज्या लांबीत महिनोन्महिने ठेवावा त्या लांबीचा होऊन बसतो. मांडीमागचे स्नायू आखूड होतात, मागून सांध्याची पिशवीही आटते, आणि एक दिवस गुडघा सरळच होत नाही. वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहायला जास्त ताकद लागते, ती पुढच्या स्नायूकडे उरलेली नसते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, “झोपताना गुडघ्याखाली काही घेता का?” अम्मी शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

अब्बांना मात्र हे सगळं आमच्या आधी समजलं. ते म्हणाले, “एक तरफ का ताना कस गया, दूसरी तरफ का ढीला. कपडा तो तिरछा बनेगाच.” पंचेचाळीस वर्षं ताण्याबरोबर काढलेल्या माणसाला शरीरशास्त्राची वेगळी शिकवणी लागत नाही.

इथे एक सावधानता. सगळा ताठरपणा स्नायूंचा असतो असं मी म्हणत नाही. सांध्याच्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, चालताना दाबली-सुटली जाते तेव्हा. पाय बराच वेळ हलला नाही की सांधा जणू घट्ट झालेला वाटतो आणि थोडं चाललं की सुटतो. झिजेत हाडाला बारीक कंगोरे येतात, तेही वाकणं अडवतात. ते मालिशने जात नाहीत. पण कंगोऱ्यांना आपण काही करू शकत नाही आणि स्नायूंना करू शकतो, म्हणून स्नायूंबद्दल बोलायचं.

मालिशवरून आठवलं. तिळाच्या तेलाने गुडघा चोळल्यावर बरं वाटतं यावर डॉक्टर मंडळी हसतात. तेल कूर्चेपर्यंत पोचत नाही हे खरंच आहे. पण चोळणारा हात आणि त्याची ऊब मांसापर्यंत पोचते, आणि आखडलेलं मांस तेवढा वेळ सुटतं. शेकाचंही तसंच. आजीबाईंचा उपाय चुकीचा नव्हता, त्याचं कारण वेगळं होतं. फक्त पुढची पायरी राहून जायची : मांस सुटलं की त्याच वेळी ते ताणायचं आणि कामाला लावायचं. आपण चोळून घेतो, चादर ओढतो आणि झोपतो.

आता शेजारच्या काकूंची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्याशिवाय हा लेख धोक्याचा होईल. काकू आयुष्यभर कांड्या भरत आल्या. आसारीवरून रेशीम उतरवायचं, कांडी फिरवायची. त्यांचेही सांधे सकाळी आखडायचे. अब्बांचे गुडघे आणि काकूंची बोटं, दोघांच्या दुखण्याला गल्लीत एकच शब्द होता : वात. एकाचं औषध दुसऱ्याने घ्यावं इतका शेजारधर्म. पण अब्बा वीस मिनिटांत मोकळे व्हायचे आणि काकूंच्या मुठी दहा वाजेपर्यंत उघडायच्या नाहीत. पोळी लाटणं सुनेकडे गेलं होतं. दोन्ही हातांची बोटं सारखी सुजलेली, अंगात कसर, भूक नाही. हे झिजेचं दुखणं नव्हतं, हा आमवात होता, ज्यात शरीराचीच संरक्षक यंत्रणा सांध्याच्या अस्तरावर चाल करून जाते. त्यात सूज आतून येते आणि पहाटे ती जास्त जोर करते. वेळेवर योग्य औषध मिळालं तर सांधे वाचतात. उशीर झाला तर बोटं वाकडी होतात ती कायमची.

काकूंनी दोन वर्षं कुणीतरी आणून दिलेल्या बिनलेबलच्या पुड्या खाल्ल्या. पहिल्या आठवड्यातच चमत्कार झाला होता. पुढे चेहरा सुजला, साखर वाढली. अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड कुटलेलं असतं. पुडीवर काहीच लिहिलेलं नसेल तर ती घेऊ नका, मग देणारा कितीही देवमाणूस किंवा अल्लाहवाला असो.

ढोबळ खूण लक्षात ठेवायची ती अशी. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत सुटत असेल तर बहुधा झीज. तासाहून जास्त राहत असेल, बोटांचे-मनगटांचे सांधे दोन्ही बाजूंनी सुजत असतील, तर लवकरात लवकर डॉक्टर, शक्यतो सांधेविकारांचे. आणि एकच सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला, सोबत ताप, तर त्याच दिवशी दवाखाना. तिथे शेक नको, व्यायाम नको.

हे दुखणं किती घरांत आहे? पुणे जिल्ह्यातलं भिगवण आता फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यांमुळे ओळखलं जातं. सांध्यांच्या डॉक्टरांना ते वेगळ्या कारणाने माहीत आहे. १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढ माणसांची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेचा हातभार असलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमातली ही पाहणी. साधारण १८ टक्के लोकांना सांध्यांची, स्नायूंची दुखणी निघाली. त्यात झीज पुष्कळ, आमवात शंभरात एकाहूनही कमी. म्हणजे दर पाच-सहा माणसांमागे एक. आपल्या गल्लीत हा हिशेब करून पाहा.

रोज्यांबद्दल दोन शब्द, कारण या महिन्यात हेच प्रश्न जास्त येतात. वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी पोटात व्रण करू शकते. आणि दिवसभर पाणी नसलेल्या अंगात ती मूत्रपिंडावर ताण टाकते. रक्तदाब, मधुमेह असेल तर जास्तच. म्हणून रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून वेळा ठरवून घ्याव्यात. गोळी घ्यायचीच असेल तर खाल्ल्यानंतर, आणि इफ्तार ते सहेरी पाणी पुरेसं. त्वचेवर लावायच्या मलमाने रोजा तुटत नाही. स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर ती रोज्यासाठी मनानेच बंद करू नये, ती एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. आजाऱ्याला रोजा सोडून नंतर भरून काढायची मुभा कुरआनमध्येच आहे, दुसऱ्या सुऱ्यात. ती वापरणं म्हणजे ईमान कमी असणं नव्हे. आणि इफ्तारच्या भज्यांचं काय सांगू! वजन एक किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो, असा हिशेब आहे. आमच्या घरी हा हिशेब फक्त ऐकला गेला, भजी चालूच आहेत.

अब्बांना दिलेले व्यायाम अगदी साधे. आधी पंधरा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, गुडघ्याला कमी आणि मांडीला जास्त. मग आडवं पडून टाच पलंगावर घासत जवळ आणायची आणि लांब न्यायची, दहादा. अम्मीची ओढणी तळव्याला अडकवून पाय सरळ वर खेचायचा आणि अर्धा मिनिट धरायचा, म्हणजे मागचे स्नायू लांब होतात. मग टाचेखाली घडी ठेवून गुडघा खाली दाबायचा, मांडी पुढून आवळायची, पाच अंक मोजायचे, सोडायचं. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर कमी करायचं. टाचेखाली कशाची घडी, असं अम्मीने विचारलं तेव्हा त्या बाई हसल्या. गोधडी तीच. फक्त गुडघ्याखालून काढून टाचेखाली, तीही व्यायामापुरती.

पण मशिदीचा प्रश्न उरला होता. मी मौलानांना विचारलं. त्यांनी फार लांबण लावली नाही. उभं राहता येत असेल तेवढं उभं राहावं, नाही जमलं तर बसून पढावं, तेही नाही तर आडवं पडून. हा दाखला थेट पैगंबरांच्या काळचा आहे. अब्बांना हे ठाऊक नव्हतं असं थोडंच. खुर्ची म्हणजे म्हातारपणाचा शिक्का, हे त्यांच्या मनात बसलं होतं. संक्रांतीला गच्चीवर हलकडीच्या तालावर आसारी फिरवणारा माणूस दोन वर्षं जिना चढला नव्हता, त्यात ही खुर्ची.

शेवटी त्यांना तयार केलं ते एका शब्दाने. तरावीह हा शब्दच मुळी विसाव्यावरून आला आहे. दर चार रकातींनंतर थोडं थांबायचं, दम घ्यायचा, त्या विसाव्यांवरून या नमाजचं नाव पडलं. मौलाना म्हणाले, त्या विसाव्यात खुर्चीवर बसून पाय सरळ करा की, कोण अडवतंय. अब्बांनी ते मनावर घेतलं. सातव्या रोज्याला ते आले. उभं राहणं आणि रुकू उभ्याने, सजदा आणि बैठक खुर्चीवर, खुणेने. पहिल्या दिवशी आठच रकाती. दर विसाव्याला पाय लांब करून मांडी आवळायची, दहा वेळा. शेवटच्या रांगेत आणखी दोन खुर्च्या होत्या. तिसऱ्या दिवशी मी वळून पाहिलं तर तिन्ही खुर्च्यांवरचे तिन्ही पाय सरळ होते.

आज एकविसावा रोजा. गुडघा आणि पलंग यांच्यातली फट चार बोटांवरून तीनवर आली आहे. बाई म्हणाल्या होत्या की महिना-दोन महिन्यांत फार आशा धरू नका, तीन वर्षांचं आखडलेपण आहे. सहेरीला अब्बा अजून भिंतीला हात लावतात, पण आता भिंत धरत नाहीत. काकूंचं नवं औषध सुरू झालं आहे. परवा इफ्तारच्या वेळी त्या ताटलीवर रुमाल टाकून खजूर आणि कलिंगडाच्या फोडी घेऊन आल्या. फोडी जरा जाड-बारीक होत्या. अम्मीने विचारलं, सुनेने कापल्या का? काकू म्हणाल्या, “नाही गं भाभी, मीच कापल्या.”